धाकटीचं म्हणणं

बसस्टँडकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर, कुलपांच्या दुकानाला लागून, बॅगा दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे दोन शिलाई मशिनं, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले पट्टे आणि छतापर्यंत रचलेल्या लोकांच्या बॅगा. खोलीत सदा चामड्याचा आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. हे दुकान दोन जावा चालवत. थोरलीला सगळा रस्ता वहिनी म्हणे. धाकटीला वहिनी धाकटी म्हणत, म्हणून बाकीचेही तसंच म्हणू लागले, आणि केस पांढरे व्हायला लागले तरी ती धाकटीच राहिली.

दुकान मूळ वहिनींच्या नवऱ्याचं. तो अचानक गेला तेव्हा बऱ्याच बॅगा अर्धवट पडल्या होत्या. गिऱ्हाइकं दारापर्यंत येत आणि तशीच परत जात, कारण अशा घरात बॅग मागायची तरी कशी. काही दिवसांनी वहिनींनीच शटर वर केलं आणि एकेकाला हाक मारून बोलावलं. ज्यांची चेन बसवायची राहिली होती त्यांना त्या म्हणाल्या, "आठवडाभरानं या, बसवून ठेवते." त्यानंतर त्या चेन कशी बसवतात ते शिकल्या. धाकटीचा नवरा जहाजावर नोकरीला, घरी कमी आणि पाण्यावर जास्त. तिला घरात बसून करमेना, म्हणून ती दुसऱ्या मशिनवर आली.

वहिनींच्या जिभेला हाड नव्हतं. चाकं निखळलेली ट्रॉली घेऊन कुणी आला, की त्याला चाकं मिळायच्या आधी त्याच्या सगळ्या प्रवासाचा हिशोब द्यावा लागे. धाकटी मोजकं बोले, पण बोलली की ती दगडावरची रेघ. दोघींचं पटत असे असं म्हणणं धाडसाचं होईल. पण दुकान चाललं होतं, स्वयंपाक एकत्र होत होता आणि दोघींपैकी कुणी अबोला धरलेला कुणी पाहिला नव्हता.

दोघी एकाच प्रार्थनाघरात जात. प्रार्थनाघर साधं होतं: एक मोठी खोली, लाकडी बाकं, लांब दांड्यांचे पंखे. प्रार्थना जुन्या भाषेत होत असे. ती भाषा कुणाच्या घरात बोलली जात नव्हती. लहानपणी सगळे ती पाठ करत, आणि पाठ झालेलं जन्मभर टिके. अर्थ काही जणांना येत असे, पुष्कळांना येत नसे, आणि त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नसे.

विचारलं ते धाकटीनं. वार्षिक सभेत, खर्चाचं आणि पंख्यांच्या दुरुस्तीचं बोलून झाल्यावर, ती उभी राहिली आणि म्हणाली, "प्रार्थना आपल्या बोलण्यातल्या भाषेतही व्हावी, असं मला वाटतं." एवढंच बोलून ती बसली. तिला वाटलं होतं की दोनचार जण हो म्हणतील, दोनचार नाही म्हणतील आणि चहा येईल. चहा आला, पण त्या दिवसापासून मंडळींचे दोन भाग झाले.

धाकटीच्या बाजूनं मास्तर पुढे झाले. ते शाळेत शिकवत, जुनी भाषाही शिकलेले होते आणि बोलायला पट्टीचे होते. दुसऱ्या बाजूला रंगांच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे रंगवाले म्हणत. त्यांचा आवाज मोठा होता आणि राग त्याहून मोठा. वहिनीही त्याच बाजूच्या. त्या जुन्या भाषेत वाढल्या होत्या आणि ती सोडायला तयार नव्हत्या. काही महिन्यांत अशी वेळ आली की माणसं बाकांवरसुद्धा बाजू पाहून बसू लागली. मास्तर दुसऱ्या बाजूच्या प्रार्थनेला पोपटपंची म्हणत. रंगवाले म्हणत, "आज भाषा सोपी हवी, उद्या म्हणतील घरी लोळत प्रार्थना केली तर चालेल का."

घरी दोघी जावा जेवताना भांडत. भांडण सभ्य होतं, पण रोजचं होतं. वहिनी भाजी वाढता वाढता एक मुद्दा मांडत, धाकटी तो खोडून काढी आणि पाणी आणायला उठे.

या सगळ्यात धाकटीचा आवाज बसला. आधी वाटलं, बोलून बोलून बसला असेल. पण तो उठेचना. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरतंतूवर गाठ आहे, भिण्यासारखी नाही, पण काढावी लागेल. गाठ काढली. त्यानंतर पुढचे काही आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचं तर मुळीच नाही, अशी ताकीद मिळाली. नेमकी त्याच दिवसांत, भाषेचा प्रश्न मिटवण्यासाठी खास सभा ठरली होती.

मास्तर दुकानात आले. वहिनी मागे मशिनवर होत्या. धाकटी काउंटरवर एका दप्तराचा बंद उसवत बसली होती.

"काळजी करू नका," मास्तर तिला म्हणाले. "तुमच्या वतीनं मी बोलतो. त्या पोपटपंचीचा असा समाचार घेतो की पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही."

मागचं मशीन थांबलं. "हळू बोला मास्तर," वहिनी म्हणाल्या. "पोपट इथेच बसलाय."

मास्तर ओशाळले. "तुम्हाला उद्देशून नव्हतं, वहिनी."

"मीही तेच पाठ म्हणते. मला नाही तर कुणाला?"

मास्तरांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं हात जोडले आणि मान नकारार्थी हलवली. तुम्ही नको, असा त्याचा अर्थ होता आणि तो मास्तरांना कळला. त्यांनी स्वतःच्या बॅगेचा पट्टा कधी मिळेल ते विचारलं आणि ते गेले.

"मग बोलणार कोण?" वहिनी म्हणाल्या. उत्तराची अपेक्षा नव्हती, म्हणून त्यांनीच पुढे गमतीत जोडलं, "मी बोलू?"

धाकटीनं लगेच मान होकारार्थी हलवली.

वहिनींनी चामडं टोचायची आरी खाली ठेवली. "अगं, मी तुझ्या विरुद्ध बोलणार आहे. ठाऊक आहे ना?"

मान हलली.

"आणि तुझ्या बाजूनंही मीच बोलायचं?"

पुन्हा मान हलली, या वेळी जरा वैतागून, एकच गोष्ट किती वेळा सांगायची अशी.

वहिनींनी त्या दिवशी हो म्हटलं नाही. त्यांनी विचार केला तो असा की आपण सभेत उभं राहून बोलायचं आणि समोरची बाजू मुकी बसलेली, तर उद्या लोक म्हणतील, मुक्या जावेशी भांडून जिंकली. ते त्यांना परवडणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शटर उघडताना त्या म्हणाल्या, "बोलेन. पण मला आधी नीट सांग."

धाकटीनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून आणलं होतं. वहिनींनी त्यावर वरवर नजर टाकली आणि परत दिलं. "हे वाचून दाखवायला पोस्टमनही चालेल. मला कळल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. मी बोलते, तू मान हलव."

तेव्हापासून काम करता करता ते सुरू झालं. वहिनी मेण लावलेला दोरा ओढता ओढता म्हणत, "तुमचं म्हणणं असं की पाठांतर अवघड आहे." धाकटी मान हलवून नाही म्हणे. "मुलांना कळत नाही, म्हणून ती येत नाहीत." धाकटी हात तिरका करून हलवी, म्हणजे थोडंफार. "भाषा मेलेली आहे, मेलेलं कशाला कवटाळायचं." यावर धाकटीनं इतक्या जोरानं नकारार्थी मान हलवली की वहिनींनी सुई थांबवली.

"मास्तर तर हेच सांगत फिरतात."

पुन्हा नाही.

"म्हणजे जुनी भाषा जावी असं तुला वाटत नाही?"

नाही.

"मग इतके महिने आपण भांडतोय कशावर?"

धाकटीनं दोन्ही हात पसरले. मी काय सांगू, अशा अर्थानं. वहिनी नंतर कुणाला तरी म्हणाल्या की इतकी वर्षं एका घरात राहून, एका ताटलीतलं लोणी वाटून खाऊन, ही काय म्हणतेय ते मी कधी ऐकलंच नव्हतं; ती बोलायला लागली की मी माझं पुढचं वाक्य जुळवत असे. तिचा आवाज गेला तेव्हा माझे कान उघडले, हे काही भूषणावह नाही.

बरेच दिवस असे गेले. मधल्या काळात रंगवाले येऊन गेले. त्यांना बातमी लागली होती.

"खरं आहे का हे?" ते काउंटरवर हात टेकून म्हणाले. "आपल्या बाजूनं नीट बोलणाऱ्या तुम्ही एकट्या. आणि तुम्हीच त्यांच्या हातात काठी देणार?"

"तिचं तिला बोलता येत नाही, म्हणून."

"वकील एका बाजूचा असतो, वहिनी."

"मी वकील नाही. आणि ती काही शत्रू नाही, जाऊ आहे."

"जावाजावांचं काय असतं ते जगाला माहीत आहे," रंगवाले म्हणाले. वहिनी हसल्या, धाकटीही आवाज न करता हसली. पण रंगवाले हसले नव्हते. मग ते निराळ्या आवाजात म्हणाले, "माझे वडील आंधळे होते. त्यांना काही वाचता आलं नाही. हे एवढंच पाठ होतं. तुम्ही शब्द बदललेत, की त्यांचं जगात काही उरत नाही." आणि उत्तर न ऐकता ते रस्त्यावर उतरले.

धाकटीचं म्हणणं सापडलं ते एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना. वहिनी थकून म्हणाल्या, "आता तूच काहीतरी खूण कर बाई, माझी अक्कल संपली." धाकटीनं ओठांनीच, आवाज न करता, एक शब्द म्हटला: आई. आणि बोटानं डोक्याखालची उशी दाखवल्यासारखं केलं.

वहिनींना आठवलं. धाकटीची आई शेवटच्या आजारात त्यांच्याच घरी होती. तिच्या खाटेभोवती बायका रोज प्रार्थना म्हणत, वहिनीही त्यांत असत. एकदा म्हणून झाल्यावर म्हातारीनं डोळे उघडले आणि विचारलं, "ते मधे येतं ना, ज्याच्यावर आवाज वर जातो, त्यात काय म्हटलंय गं?" बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. अखेर एकजण म्हणाली, "चांगलंच काहीतरी असणार, आजी." म्हातारीनं बरं म्हटलं आणि डोळे मिटले. बायका त्यावर नंतर स्वयंपाकघरात हसल्याही होत्या. धाकटी हसली नव्हती, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

"जन्मभर म्हटलेल्या ओळीचा अर्थ तिला मरताना हवा होता," वहिनी सावकाश म्हणाल्या, "आणि देणारं कुणी नव्हतं. तुझं म्हणणं असं, की जे म्हणायचं ते म्हणा, पण काय मागतोय ते माणसाला कळलेलं असावं. एवढंच?"

धाकटीनं मान होकारार्थी हलवली. मग तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि समोरच्या दप्तराला बंद लावायला घेतला.

सभेच्या दिवशी प्रार्थनाघर भरलं होतं. अध्यक्षपदी एक निवृत्त मेट्रन होत्या. त्यांनी आयुष्यभर दवाखान्याचे वॉर्ड शांत ठेवले होते, त्यामुळे सभेला घंटी लागत नसे. वहिनींचं नाव पुकारल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही विरोधात ना?"

"आधी धाकटीचं सांगते, मग माझं."

"चालेल. मधे कुणी बोलायचं नाही."

वहिनींनी धाकटीचं म्हणणं मांडलं. चांगलं मांडलं. म्हातारीची गोष्ट सांगितली, बायका हसल्या तेही सांगितलं, आपण त्यांत होतो हेही लपवलं नाही. एका ठिकाणी बोलण्याच्या भरात त्या म्हणाल्या, "म्हणजे जुनी भाषा ही एक अडचण आहे," आणि सवयीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीची मान हलत होती. "चुकले," वहिनी म्हणाल्या. "अडचण आहे असं ती म्हणत नाही. परत सांगते." सभा हसली. त्या हसण्यात दोन्ही बाजूंची माणसं होती, आणि बऱ्याच दिवसांत असं झालं नव्हतं.

मग स्वतःची बाजू मांडायची वेळ आली, आणि वहिनी अडखळल्या. धाकटीचं म्हणणं त्यांनी घोकलं होतं, स्वतःचं मात्र आहेच आपलं म्हणून गृहीत धरलं होतं. दोनचार वाक्यं बोलून त्या खाली बसू लागल्या.

"बसू नका," मेट्रनबाई म्हणाल्या. "तिचं पूर्ण सांगितलंत आणि तुमचं अर्धं. हे बरोबर नाही. पाणी प्या आणि पुन्हा सांगा."

वहिनी पाणी प्यायल्या. मग त्या म्हणाल्या की नवरा गेला त्या वर्षी चामड्याचा माल आणायला मी एकटी एका परक्या शहरात गेले होते. तिथली भाषा येत नव्हती. खानावळीत काय मागावं कळेना, रस्ता विचारायला तोंड उघडेना. संध्याकाळी आपल्या लोकांचं प्रार्थनाघर दिसलं, म्हणून आत जाऊन मागे बसले. प्रार्थना सुरू झाली आणि शब्द न् शब्द तोच. शेजारच्या बाईशी मला एक वाक्य बोलता आलं नसतं, पण आम्ही दोघी तेच म्हणत होतो. "तिथे मला पहिल्यांदा रडू आलं," वहिनी म्हणाल्या. "घरी आलं नव्हतं. अर्थ मला तेव्हाही येत नव्हता. प्रत्येक गावानं आपापल्या भाषेत म्हणायचं ठरवलं, तर परगावी गेलेल्या माणसानं कुठे जायचं? माझं म्हणणं एवढंच."

एवढं सांगता आलं म्हणून वहिनींना धीर आला आणि त्या पुढे म्हणाल्या, "रंगवाल्यांचंही एक म्हणणं आहे. त्यांचे वडील..."

"माझ्या बापाला यात आणू नका," रंगवाले उठून म्हणाले. "माझं म्हणणं मी तुमच्याकडे सांगायला दिलेलं नाही."

वहिनींचा चेहरा उतरला. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

मास्तर त्यानंतर बोलले. भाषांतर कसं करता येईल, कुठे काय अडेल, हे त्यांनी व्यवस्थित सांगितलं. पोपटपंची हा शब्द त्यांनी वापरला नाही. कुणीतरी मतदान घ्या म्हटलं, तेव्हा मेट्रनबाई म्हणाल्या की आज हात वर केले तर अर्धे लोक हरून घरी जातील. आधी करून पाहू. ठरलं ते असं की प्रार्थना जुन्या भाषेतच राहील, पण प्रत्येक भागाच्या आधी त्याचा अर्थ बोलीत सांगितला जाईल, आणि हिवाळ्यानंतर पुन्हा सभा घेतली जाईल.

दोन्ही बाजू थोड्या नाराज झाल्या. मास्तरांना हे फारच कमी वाटलं. रंगवाल्यांना फार जास्त. ते आणि आणखी काही घरं गावाच्या दुसऱ्या टोकाच्या प्रार्थनाघरात जाऊ लागली. वहिनी त्यांच्या दुकानात गेल्या, माफी मागितली आणि परत या म्हणाल्या. रंगवाल्यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "मी तुम्हाला आपलं माणूस समजत होतो."

"मी तुमच्याच बाजूची आहे अजून."

"ते तुम्ही म्हणता," ते म्हणाले. त्यापलीकडे बोलणं गेलं नाही. ते परतले नाहीत. वहिनींना याचं दुःख राहिलं. धाकटीचं म्हणणं मांडलं ते चुकलं असं मात्र त्यांना कधी वाटलं नाही. रंगवाल्यांचं न विचारता मांडायला गेले हे चुकलं, असं त्या म्हणत.

हिवाळ्यानंतरच्या सभेत जे चाललं होतं तेच पुढे चालू ठेवायचं ठरलं. त्या वेळी हात वर झाले, तेव्हा विरोधात वहिनींचा हात होता; आज अर्थ, उद्या प्रार्थनाच बोलीत येईल, ही त्यांची धास्ती गेली नव्हती. त्या हरल्या, आणि पुढच्या प्रार्थनेला नेहमीच्या बाकावर येऊन बसल्या. शेजारणीनं विचारलं, "तुम्ही विरोधात होतात ना?" "होते," वहिनी म्हणाल्या. "पण यायचं थोडंच सोडलंय. सरक जरा."

अर्थ लिहून काढायला एक लहान समिती नेमली, तिच्यात वहिनी आपणहून शिरल्या. म्हणायचंच आहे तर धड म्हणा, असा त्यांचा हट्ट. मास्तर मसुदा आणत आणि दुकानात बसून वाचत. वहिनींना जुनी भाषा येत नव्हती, पण आपली भाषा येत होती, आणि कुठला शब्द तोंडात खडा येतो तसा लागतो ते त्या सांगत. पुष्कळदा मास्तरांचंच बरोबर निघे. तोवर धाकटीचा आवाज परत आला होता, पूर्वीपेक्षा जरा जाड.

एकदा एका शब्दावरून अडलं. मास्तरांनी लिहिलं होतं, आम्ही तुझे नोकर.

"देवाचे नोकर?" वहिनी म्हणाल्या. "मग पगार कोण देतं?"

"मूळ शब्दाचा अर्थ तोच आहे," मास्तर म्हणाले.

"सेवक म्हणा," धाकटी म्हणाली.

"सेवक पुस्तकी आहे. तुलाच बोलीतलं हवं होतं ना?"

"बोलीतलं हवं होतं, जाऊबाई. बाजारातलं नाही."

"तुझं म्हणणं मला कळलं," वहिनी म्हणाल्या. "आधी ते मी तुला सांगून दाखवते, मग चुकीचं का आहे ते सांगते."

काउंटरवर एक माणूस फाटलेली ट्रॉली घेऊन बराच वेळ उभा होता. धाकटीनं त्याला बसायला स्टूल दिलं आणि म्हणाली, "थोडा वेळ लागेल."